अड्याळची दुपार

दामिनी मावशीकडे अड्याळला आली ती भर मे महिन्यात, दुपारची. बसमधून उतरून घरापर्यंत येईस्तोवर तिचा चेहरा लालबुंद झाला होता. कौशल्यामावशीने माठातलं पाणी दिलं आणि तिला सरळ कूलरसमोर बसवलं.

दामिनी नागपूरच्या एका संस्थेत काम करायची. देशात वीज किती तयार होते, कुठे जाते, कुणाला किती वेळ मिळते, ही माहिती गोळा करून ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची, एवढंच त्या संस्थेचं काम. त्यातून नफा कुणालाच नव्हता. भंडारा जिल्ह्याच्या साती तालुक्यांत दामिनीने लोकांच्या घरी पांढरे डबे बसवले होते. डबा सॉकेटमध्ये लावला की त्या घरी वीज आहे की नाही, ते संस्थेच्या वेबसाइटवर दिसायचं. अड्याळचा डबा तिने मावशीकडेच दिला होता.

त्याच डब्याने नुकतंच तिचं नाव झालं होतं. अड्याळला रोज दुपारभर वीज नसते, असं तिने लिहिलं आणि भंडाऱ्याच्या एका वर्तमानपत्राने ते पहिल्या पानावर छापलं. वीज कंपनीचे साहेब लोक गावात येऊन गेले.

"हे पाहा मावशी, तुमचं गाव आता कोणीबी पाहू शकते," म्हणत तिने मोबाइल पुढे केला.

पडद्यावर अड्याळच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सध्या वीज नाही'. आणि कूलरच्या वाऱ्याने दामिनीचे केस उडत होते.

"मावशी, डबा कुठं आहे?"

"थो कपाटावर आहे ना. मंग कूलरची पिन कुठं लावू, बाई? ह्या खोलीत एकच तर जागा आहे. संध्याकाळ झाली का लागतेच थो परत."

दामिनीने मोबाइल पालथा ठेवला. छापण्याआधी त्या घरी फोन करून विचारायचं, हा संस्थेचा नियम. बाकी सगळ्या घरी ती फोन करायची. इथे केला नव्हता. घरचीच तर मावशी, तिला काय विचारायचं!

"काय झालं वो? काही चुकलं काय माह्याकडून?"

"तुम्ही पेपर वाचला नाई?"

"वाचला ना. लोकं म्हणे, आपल्या गल्लीत राहते लाइन, त्या पल्याडच्या गल्लीत नसन. पेपरात आलं म्हणजे कुठंतरी जातच असन." मावशी थांबली. तिच्याही आता ध्यानात येऊ लागलं होतं. "पर त्यानं तं परसरामचं काम गेलं, दामिनी."

परसराम गावचा लाइनमन, कंत्राटी. लाइन जाते आणि हा बघत नाही, असं म्हणून कंत्राटदाराने त्याला काढून टाकलं होतं. त्याची बायको सुमनबाई मावशीच्याच बचत गटात होती.

"कोणाले सांगू नको," मावशी हळूच म्हणाली. "माही गावात काय इज्जत राहीन?"

परतीच्या बसमध्ये दामिनीला तेच बरं वाटलं. नागपूरला पोचल्यावर तिने संस्थेच्या प्रमुख रीताताईंना सांगितलं, "अड्याळच्या डब्यात बिघाड असावा."

"कसला बिघाड?" रीताताईंनी सहजच विचारलं.

दामिनीला पुढचं खोटं सुचेना. ती रडायला लागली आणि रडतच सगळं सांगून टाकलं. रीताताई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडूनच खुलासा लिहून घेतला, तिच्या नावासकट, आणि त्याच दिवशी वेबसाइटवर टाकला. वर्तमानपत्राने तो आतल्या पानावर, कोपऱ्यात छापला. अड्याळमध्ये तो कुणी वाचला नाही.

म्हणून दामिनी पुन्हा अड्याळला, परसरामच्या घरी गेली. तो अंगणात पंखा खोलून बसला होता. लहानपणी सुट्टीत ती यायची तेव्हा तो तिला नावाने हाक मारायचा. आता उठून उभा राहिला. "या म्याडम."

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परसरामने हातातला पाना खाली ठेवला.

"मी खांबान् खांब चढून पाह्यला," तो म्हणाला. "उन्हात खांब हाताले चटके देत होता. कुठंच काही सापडेना. मले वाटलं, मशीन कायले खोटं बोलन? माहीच नजर कमी झाली असन. भंडाऱ्याले जाऊन डोळे तपासून आलो."

दामिनीने मान खाली घातली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ग्रामसभेत तिने खुलासा वाचला. मागून कुणीतरी विचारलं, "मंग तुमच्या बाकी आकड्यावर कायले भरवसा ठेवावा?" ती कागदाची घडी घालत राहिली. तेवढ्यात बायकांमधून कौशल्यामावशी उठली. "डबा मी काढत होतो. परसरामचा काही दोष नाई," एवढंच बोलली आणि पदर तोंडाशी धरून खाली बसली. कुणीतरी हसलं.

सरपंचांनी कंत्राटदाराला फोन केला. परसरामला काम मिळालं, पण अड्याळात नाही. तिथे दुसरा माणूस लागला होता. परसरामला लाखांदूरकडे पाठवलं. रोजचं जाणंयेणं जमेना, म्हणून तो तिकडेच खोली करून राहू लागला. अड्याळच्या लोकांनी खुलासा ऐकला होता, तरी काहींच्या तोंडी राहिलंच, काहीतरी केलं असेल त्याने, उगाच कोणी काढत नाही.

पावसाळ्यात दामिनी पुन्हा परसरामच्या घरी गेली तेव्हा सुमनबाई दारातच भेटली. दामिनीने हातातली मिठाई पुढे केली. तिने घेतली नाही.

"राग नाई तुह्यावर," ती म्हणाली. "पर आता येत नको जाऊ. तू आली का लोकं पुन्हा थेच काढते."

दामिनी मिठाई तशीच घेऊन मावशीकडे आली. मावशीची बचत गटाच्या बैठकीला निघायची वेळ टळून गेली होती, तरी ती घरातच तांदूळ निवडत बसली होती.

"नाई गेल्या?" दामिनीने विचारलं.

"सुमन येते तिथं," मावशी म्हणाली, आणि सूप जवळ ओढून घेतलं.