आतल्या खोलीतलं घड्याळ

"ऐकलंस, बिंदणी? झांज वाजली. आता ती वाजून गेल्यावर जी शेपटी राहते ना, ती बघ," पापाजी डोळे मिटून म्हणाले. "घड्याळ लावल्यापासून मला ती शेपटी दिसते."

मला काही दिसत नव्हतं. मला ती खोली हवी होती. दिवाळी तोंडावर आली होती, मी घरून विकते त्या कुर्त्यांचे गठ्ठे जिन्यापासून देवघरापर्यंत पसरले होते, आणि घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात कोरडी खोली एका माणसाच्या कानांनी अडवून ठेवली होती.

हा माणूस म्हणजे माझे सासरे, फुलचंदजी; आमच्या मारवाडी घरात सुनेला बिंदणी म्हणतात. उभा जन्म त्यांनी जळगावात सुभाष चौकातल्या कापडाच्या दुकानात काढला. तिथे कोणी त्यांचं फारसं ऐकलं नाही, आधी त्यांच्या वडिलांनी नाही आणि आता माझ्या नवऱ्याने, रोनकने नाही. त्याचा सगळा वचपा ते आतल्या खोलीत काढत. संध्याकाळी ते खुर्चीत बसले की घरात मिक्सर चालायचा नाही, मूल रडायचं नाही. मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई मोहनबाई, दाराशी स्टुलावर बसायच्या. पापाजी सांगायचे, त्या मान हलवायच्या. एवढाच त्यांचा संसार, असं मी रागाने म्हणायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे. गाणी वाजवणाऱ्या मोठ्या यंत्राला जोडलेला, पुस्तकाएवढा काळा डबा. त्याला काटे नाहीत, तो वेळही सांगत नाही. पापाजींनी तो मागवला तेव्हा घरादाराला समोर बसवून समजावलं होतं. डिजिटल गाणं म्हणजे नुसते आकडे. ते आकडे अगदी सारख्या अंतराने उलगडले, तरच आवाज खरा.

"कापड मोजताना हात थरथरला तर? मीटर खरा असूनही माप चुकतं. तसंच हे. आत स्फटिक आहे, तो ठेका देतो. तो ठेका किंचित थरथरला की आवाजात कचकच येते. त्याला फेज नॉइज म्हणतात." तो शब्द ते पेढा खाल्ल्यासारखा उच्चारत. स्फटिकाभोवती इवलीशी भट्टी होती, त्याची उष्णता सदैव सारखी राहावी म्हणून. त्यामुळे डबा रात्रंदिवस चालू ठेवायचा. त्याचा दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून पापाजींनीच त्यावर काळी पट्टी चिकटवली होती.

त्या रविवारी सकाळी रोनकने विषय तोडायचाच ठरवला.

"पापा, पैज. तुम्ही पाठमोरे बसा. मी त्या डब्याची वायर कधी काढीन, कधी लावीन. ओळखलंत तर खोली तुमची, पुन्हा नाव काढणार नाही. नाही ओळखलंत तर आजच खोली तुमच्या सुनेची, चेलनाची."

"माझी परीक्षा घेतोस? सुती आणि टेरिकॉट हाताला कळत नाही तुला!"

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतो? लाव." पापाजी खुर्चीत ताठ बसले. गाणं सुरू होतं. "आधी सगळे नीट ऐकून घ्या. हा आवाज लक्षात ठेवा. हा घड्याळाचा आवाज. कसा धुतल्यासारखा आहे! तुम्ही वायर काढाल ना, क्षणात मळेल."

वायर यंत्राच्या कपाटामागे होती आणि कपाट जड होतं. ते सरकवायला दिपमालाला बोलावलं. ती नशिराबादहून कामाला येते, अंगात चांगली ताकद आहे. तिने एका धक्क्यात कपाट पुढे ओढलं आणि मागे वाकून पाहिलं.

"भाऊ," ती रोनकला म्हणाली, "हाई बटन ते बंदच शे."

रोनकने डोकं आत घातलं. भिंतीवरचं बटण बंद होतं. त्याने डब्याला हात लावला. थंडगार.

"पापा, मोठ्या यंत्रात स्वतःचं घड्याळ असतं ना? बाहेरचं बंद पडलं की ते मुकाट्याने आतल्यावर चालतं. तुम्हीच सांगितलं होतं." आणि तो हसायला लागला. खो खो हसला. मीही हसले. मला वाटलं, झालं, मिळाली खोली.

"कोणी बंद केलं?" पापाजींनी मान वळवली नाही.

"मी," मम्मी दारातून म्हणाल्या. "आषाढात चौमासा लागला तेव्हा. उबेला मुंग्या येत होत्या. त्या फटींतून आत जायच्या आणि भाजून मरायच्या. रोज डब्याखाली मेलेल्या सापडायच्या. मला जीवहत्या बघवेना."

"म्हणजे एवढे दिवस..."

"हो."

"आणि मी रोज तुला सांगत होतो, बघ किती स्वच्छ, तेव्हा तू गप्प बसलीस? माझी फजिती व्हायची वाट बघत होतीस?"

"तुम्ही मला विचारलंत कधी?" मम्मींचा आवाज चढला. त्या घरात मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही सांगायचात, मी मान हलवायचे. त्याच्यापलीकडे या खोलीत मला काय काम होतं? बेचाळीस वर्षांत एकदा तरी म्हणालात, तुला कसं वाटतंय? मला आवडतं तरी का, एवढं तरी?"

रोनक अजून हसतच होता. "तू हसू नकोस," मम्मी त्याच्यावर उसळल्या. "तूही त्यांचाच मुलगा आहेस."

त्याचं हसू जागीच विरलं. दिपमाला चुपचाप स्वयंपाकघरात गेली. पापाजींनी गाणं मध्येच थांबवलं नाही. ते संपेपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांचे डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग ते उठले. "बिंदणी, तुझे गठ्ठे आण," ते म्हणाले.

पैज सुरूसुद्धा झाली नव्हती. पण तसं बोलायला माझी जीभ रेटेना. खोली मिळाली आणि मला तिचा कणभर आनंद झाला नाही, उलट स्वतःचीच चीड आली.

दुपारी मी पहिला गठ्ठा घेऊन गेले. पापाजी जमिनीवर बसले होते. डब्याचं झाकण उघडलेलं होतं. सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसताना जागा झाडायची मम्मींची मऊ लोकरीची पुंजणी त्यांच्या हातात होती, आणि खाली कागदावर काळ्या, वाळलेल्या मुंग्या पडल्या होत्या. एकदोन वळवळत होत्या.

मम्मी पुंजणी घ्यायला पुढे झाल्या. पापाजींनी ती सोडली नाही.

"कशी धरायची ही?" त्यांनी विचारलं.



"हलक्या हाताने," मम्मी म्हणाल्या, आणि खोलीबाहेर निघून गेल्या.