मालक माणूसच असावा

"आजपासून या कंपनीत माणसाचा हात एकाही सर्व्हरला लागणार नाही," कॉस्मस तुस्कानोने जाहीर केलं, आणि प्रोजेक्टर बंद पडला.

रिमोटच्या बॅटऱ्याही संपल्या होत्या. शेवटी ऑफिस सांभाळणारी जेनेल बूट काढून खुर्चीवर चढली आणि तिने छताला टांगलेल्या त्या यंत्राचं बटण हाताने दाबलं. कॉस्मस तेवढा वेळ गंभीर चेहऱ्याने पाणी पीत राहिला आणि पडदा उजळल्यावर त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पहिल्या वेळचा भारदस्तपणा दुसऱ्या वेळी राहिला नाही. पण बर्फातून दीड दीड तास गाडी हाकून आलेल्या चाळीस माणसांनी काही तक्रार केली नाही. मीटिंगला डोनट होते.

हा २०१७ सालचा जानेवारी. ब्रॅम्पटनमधली ही कंपनी ट्रकने माल पोचवायची. कुठला ट्रक कुठे आहे, आत काय आहे आणि उशीर का झाला (खरं कारण आणि गिऱ्हाइकाला सांगायचं कारण, दोन्ही) हे सगळं क्लाउडवर ठेवलेलं असे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे कॉम्प्युटर, आपण भाडेकरू. असे दोनशे सर्व्हर होते, आणि ज्याला हवा त्याने, हवा तेव्हा, पडद्यावर चार क्लिक करून तो उभा केलेला. कसा केला, कशाला केला, कुठे नोंद नाही. एखादा कोसळला की तसाच दुसरा करणं अशक्य, कारण पहिला कसा होता हे फक्त शिवाजीला ठाऊक. आणि शिवाजी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कॅल्गरीला गेला होता. तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटे. तो गेल्यानंतर झालेल्या बिघाडांचंसुद्धा.

कॉस्मसने यावर उपाय काढला होता. सगळं कोडमध्ये लिहायचं. किती सर्व्हर, केवढे, कुणाचे, कशासाठी. मग कोड चालवायचा. लिहिलेलं तेवढं उभं राहील, आणि लिहिलेलं नसेल ते शुक्रवारी पाच वाजता झाडून टाकलं जाईल.

"आमच्या घरी माझी बायको इंद्याळ करते, व्हिनेगरमधलं तिखट मटण," कॉस्मस म्हणाला. "दरवेळी वेगळं लागतं. का? तर कृती लिहिलेली नाही. मूठभर हे, चिमूटभर ते, सगळा अंदाज. कंपनी अंदाजाने चालत नाही."

लोक हसले. जेनेल हसली नाही. ती दर रविवारी कॉस्मसच्या बायकोबरोबर, सुझानबरोबर, चर्चच्या कॉयरमध्ये गायची.

मग कॉस्मसने सात नियम वाचून दाखवले. ते त्याने लॅमिनेट करून वॉशरूमच्या दारापर्यंत सगळीकडे लावले होते. प्रत्येक बदल लिहून पाठवायचा आणि दुसऱ्या माणसाने तपासून मंजूर करायचा. मंजूर झाला की सगळ्या विभागाला मेल जाणार, म्हणजे लपवाछपवी नाही. चौथा नियम त्याचा विशेष लाडका: प्रत्येक सर्व्हरला मालक हवा, आणि मालक माणूसच असावा, नोकरीत असलेला. शेवटी त्याने सगळ्यांचे हाताने काम करायचे अधिकार काढून घेतले. सर्वांत आधी स्वतःचे, पडद्यावर, सगळ्यांसमक्ष. टाळ्या पडल्या. मांजराने आपल्याच गळ्यात आपणच घंटा बांधल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

शुक्रवारी कॅल्गरीहून व्हाइस प्रेसिडेंट मार्क हा सोहळा बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर कॉस्मस डायरेक्टर. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पद आता चार दिवसांवर आलं होतं.

मंगळवारी श्रावणी लॅपटॉप घेऊन आली. मूळची नाशिकची, कॉलेज संपवून आठ महिन्यांपूर्वी लागलेली. बदल तपासून मंजूर करण्याचं काम कॉस्मसने तिला दिलं होतं, कारण बाकी कुणी ते सात नियम वाचलेच नव्हते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. कॉस्मसने तिलाही तसं तीनदा सांगून पाहिलं होतं.

"सर, अकरा सर्व्हर बेवारशी निघाले. दहांचे मालक सापडले. एक राहिलाय."

"कुठला?"

"नाव आहे टेम्प-सीटी-ओल्ड. मोहन म्हणतो सीटी म्हणजे कॅल्गरी टर्मिनल. नंदन म्हणतो कार्गो ट्रॅकिंग. दोघांची पैज लागलीय."

कॉस्मस तुस्कानोने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"चार वर्षं चालू आहे सर. आठवडाभर कुणी ढुंकून बघत नाही. रविवारी साडेअकरानंतर मात्र झुंबड उडते. दुपारी एकपर्यंत. मग परत सामसूम."

"फायनान्सचे रिपोर्ट असतील."

"रविवारी?"

"फायनान्सचं काही सांगता येत नाही," कॉस्मस म्हणाला.

"मग उडवू या ना शुक्रवारी?"

"घाई नको. मी बघतो."

त्याला बघण्यासारखं काही नव्हतं. रविवारी साडेअकराला चर्चमधली मिस्सा सुटते. त्यानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून वसईकर मंडळाची तीनशे बारा माणसं एका पानावर आपला फोन नंबर टाकून बघत, की वसईच्या संत गोन्सालो गार्सियाच्या सणाच्या जेवणाला आपण कुठल्या टेबलावर आहोत, आणि शेजारी कोण. ते पान कॉस्मसने चार वर्षांपूर्वी एका दुपारी, चार क्लिक करून, कंपनीच्या क्लाउडवर उभं केलं होतं. तात्पुरतं. सुझान मंडळाची सेक्रेटरी. ती सांगे आणि कॉस्मस आत शिरून हाताने नावं हलवे.

आता तो आत शिरू शकत नव्हता. यादीची प्रत कुठे नव्हती. आणि जेवण अकरा फेब्रुवारीला होतं.

घरी पोचल्यावर त्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढला. सांगितल्याशिवाय काढला, त्यामुळे सुझानला लगेच संशय आला.

"काय झालं?"

"काही नाही. सुझान, ती टेबलांची यादी तुझ्याकडे कागदावर असेल ना?"

"कागदावर?" सुझानने गॅस बारीक केला. "तूच म्हणाला होतास, कागद हरवतो, क्लाउड हरवत नाही. डायऱ्या तूच रिसायकलिंगमध्ये टाकल्यास. निळ्या डब्यात. मी बघत होते."

"समजा, पुन्हा करायची झाली तर?"

"समजा तुझं डोकं फिरलंय," सुझान म्हणाली. "डाबरे आणि लोपीस लग्नातल्या बँडवरून अकरा वर्षं बोलत नाहीत. दोघांनाही स्टेजच्या जवळ बसायचंय. दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसायला नको. त्यांना सात आणि नऊवर बसवायला मला दोन महिने लागले. फादरना मध्ये घालावं लागलं. आणि तू म्हणतोस पुन्हा कर."

"मी फक्त विचारलं."

"आणि इंद्याळाचं काय सांगत होतास, चाळीस लोकांना?"

कॉस्मसने प्लेटकडे पाहिलं. प्लेटमध्ये उकडलेली अंडी होती.

"कृती लिहिलेली नाही ना," सुझान म्हणाली. "लिहून होईपर्यंत हेच."

बुधवारी कॉस्मसने कोड लिहिला. टेम्प-सीटी-ओल्ड ठेवावा, मालक शिवाजी, हेतू सामाजिक अहवाल. गेलेल्या माणसाच्या नावावर पाप लिहिण्याची ऑफिसची जुनी रीत होती, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. दहा मिनिटांत श्रावणीचा शेरा आला: नामंजूर. मालक नोकरीत नाही. नियम चार.

गुरुवारी त्याने मालकाच्या जागी 'इन्फ्रास्ट्रक्चर विभाग' असं लिहिलं. शेरा: नामंजूर. विभाग माणूस नाही. नियम चार. कृपया वॉशरूमच्या दारावर पाहावे.

तो उठून तिच्या टेबलापाशी गेला. "श्रावणी, एखाद्या गोष्टीला अपवाद म्हणून काही असतं की नाही?"

"असतं ना सर. नियम सात."

"काय आहे सात?"

"अपवाद नाही."

नियम उत्तम लिहिले होते. पळवाट म्हणून ठेवली नव्हती; स्वतःसाठीसुद्धा ठेवली नव्हती, आणि या विचाराने त्याला क्षणभर अभिमान वाटला.

शुक्रवारी चारला मार्क आला. कॅल्गरीत याहून जास्त थंडी आहे हे त्याने प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं आणि पहिल्या रांगेत बसला. जेनेलने रिमोटमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या. पडद्यावर कोडने काढलेला आराखडा आला. एकशे नव्व्याण्णव हिरव्या ओळी आणि तळाशी एक लाल: टेम्प-सीटी-ओल्ड, नष्ट होणार.

"हे सीटी काय आहे?" मार्कने इंग्रजीत विचारलं.

"कॅल्गरी टर्मिनल," मोहन म्हणाला.

"कार्गो ट्रॅकिंग," नंदन म्हणाला.

"कॅल्गरी टर्मिनल असेल तर उडवू नका," मार्क म्हणाला. "आणि नसेल तर कुणाचं आहे?"

चार पन्नास झाले होते. कॉस्मसच्या डोळ्यांसमोर डायरेक्टरच्या खोलीचं दार आलं. लगेच त्याच दारासमोर सुझान उभी राहिली, तिच्या मागे डाबरे, लोपीस आणि उरलेले तीनशे दहा, सगळे उपाशी. कोण कुठे बसायचं हे माहीत नसलेला वसईकर काय करू शकतो हे मार्कला ठाऊक नव्हतं. कॉस्मसला होतं.

तो लॅपटॉपशी बसला. मोठ्या पडद्यावर चाळीस माणसांच्या देखत अक्षरं उमटत गेली. मालक: कॉस्मस तुस्कानो. मग पाचव्या नियमाप्रमाणे हेतू, एका साध्या वाक्यात: आमच्या मंडळाचं जेवण. त्याने 'पाठवा' दाबलं.

मागच्या रांगेतले लोक वाचायला उभे राहिले.

"कॉस्मस तुस्कानो. सीटी," मोहन हळूच म्हणाला. नंदनने खिशातून पाच डॉलर काढले आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की कुणीच जिंकलेलं नाही.

श्रावणीने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. चार छप्पन्नला 'मंजूर' दाबलं. चाळीस फोन एकदम वाजले, मेल आली होती. पडद्यावरची लाल ओळ हिरवी झाली. नष्ट होणार: शून्य.

"तुला ठाऊक होतं?" कॉस्मसने मराठीत, ओठ न हलवता विचारलं.

"मंगळवारीच सर. मी ते पान उघडून पाहिलं होतं. वर तुमचा फोटो आहे. सांताक्लॉजच्या वेशात."

"मग बोलली का नाहीस?"

"मालकाने स्वतः सांगायचं असतं. नियम चारच्या खाली बारीक अक्षरात आहे."

मार्क उठला. पडद्याजवळ गेला आणि म्हणाला की अशी शिस्त त्याने देशात कुठे पाहिली नाही. विभागाच्या प्रमुखालासुद्धा स्वतःचं जेवण लिहून मंजूर करून घ्यावं लागतं, याला म्हणतात कंट्रोल. चार वर्षं कंपनीच्या पैशाने ते जेवण कुणाच्या मंजुरीने चाललं होतं, हे त्याने विचारलं नाही. मोठ्या माणसांना हिरव्या ओळी फार आवडतात. सोमवारपासून कॉस्मस डायरेक्टर.

टाळ्या थांबल्यावर नव्या डायरेक्टरला दोन शब्द बोलण्याचा मोह आवरला नाही. "यापुढे," तो म्हणाला, "एक नावही, एक अक्षरही, लिहिल्याशिवाय, तपासल्याशिवाय, मंजुरीशिवाय जागचं हलणार नाही," आणि त्याचा फोन वाजला.

सुझान.

"जेनेलने कळवलं सगळं," ती म्हणाली. "यादी शाबूत आहे ना? बरं झालं. आता ऐक. लोपीसची सून येत नाही म्हणते, तिच्या जागी त्याची आई नऊवर घे. आणि म्हातारीला मासे नको, इंद्याळ लिही. पटकन कर, म्हातारी फोन धरून बसलीय."

कॉस्मस खिडकीकडे वळला आणि आवाज खाली आणला. "सुझान, आता तसं नाही करता येत. मला हात लावता येत नाही. ते लिहावं लागतं, मग ती श्रावणी तपासते, तिने मंजूर केलं तर होतं. चाळीस लोकांना मेल जाते."

"म्हणजे तू आता डायरेक्टर."

"हो."

"आणि म्हातारीची खुर्ची हलवायची तर ती मुलगी हो म्हणायला हवी."

"नियमच तसा आहे."

पलीकडे सुझानने म्हातारीला दुसऱ्या फोनवर जरा थांबायला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, "मग जरा तिला फोन दे."