धुतलेल्या बिया

“बी गुळाच्या पाण्यात घोळव, वर जीवाणूंची काळी पूड चोळ आणि सावलीत वाळव. आणि वनमाला, युरियाचा दाणासुद्धा दाखवू नकोस. आयतं मिळालं की मूळ आळशी होतं.”

नणंद जाऊन वर्ष होत आलं, पण जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला तो आवाज वनमालाच्या गोरेगावच्या गच्चीवर अजून खणखणीत होता. आरेच्या जंगलातल्या पाड्यामागचा उतार राडारोडा टाकून टाकून मेलेला. तिथे शर्मिष्ठावन्संना खैर लावायचे होते. ते राहून गेलं. शेवटी दवाखान्यात वनमालाने त्यांचा हात धरून शब्द दिला होता, “वन्सं, मी लावीन.”

आणि आता श्रावण लागला तरी पिशव्यांतली रोपं वीतभर नव्हती. पिवळी, मरतुकडी. तिने हात जोडून एक उपटलं. मुळांवर बारीक गाठी हव्या होत्या. त्यांतले जीवाणूच तर हवेतलं नत्र झाडाला भरवतात. इथे मुळं सुतासारखी गुळगुळीत.

“अहो, बियांना कुणी हात लावला होता का?”

“हात कसला! मुंग्या लागल्या होत्या,” श्यामकांतराव पेपरातूनच म्हणाले. “तू देवळात गेली होतीस. नळाखाली धरून स्वच्छ धुतल्या, परत सुपात पसरल्या.”

“धुतल्या?”

“मग? समिधेचं झाड ते. मला तू चहाचा हात देव्हाऱ्याला लावू देत नाहीस, आणि मुंग्यांचं उष्टं बरं चालतं तुला!”

जिभेवर आलेलं तिने गिळलं. चातुर्मासात कुणाला उलटून बोलायचं नाही, हा यंदाचा नेम. दरवर्षीसारखी वांगी सोडली असती तर किती बरं झालं असतं!

“उरलेली पूड कुठंय?”

“ते उघडं पाकीट? टाकलं कचऱ्यात. एवढं काय त्यात, चिमूटभर युरिया मार. आठवड्यात हिरवीगार!”

वनमालाने डोळे मिटून रामाचं नाव घेतलं. एकदा पुरेना, म्हणून पुन्हा घेतलं.

तेवढ्यात पाड्यावरून मीराचा फोन. “काकू, खड्डे कधीचे खणून झाले. कधी आणताय रोपं?”

युरिया घातला तर आठवड्यात नेता येतील. कुणाला कळणारही नाही. पण त्या राडारोड्यात पुढचा उन्हाळा ती काढणार नाहीत, हे वनमालाला कळत होतं.

“मीरा, तुमच्याकडे जुने खैर आहेत ना? त्यांच्या मुळाजवळची माती हवी गं. रोपांना घालते, गाठी धरू देत. थोडा उशीर होईल, पण तगतील.”

“मातीला कोण नाय म्हणतंय? या की!”

पेपर एकदाचा खाली आला. “जंगलातली माती घरात? काय काय वळवळत असेल त्यात!”

“तेच हवंय,” ती हळूच म्हणाली. मग खुरपी आणि कापडी पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि आरेच्या बसथांब्याकडे चालू लागली.