बर्खीतला गोलकीपर

बागमतीपलीकडच्या पाटणात अष्टमान डंगोलांनी भाताचं शेत विकून कोंछा आळीचा फुटबॉल क्लब काढला. दोनदा लीग जिंकली, ढाल वाजतगाजत आळीत आणली. पुढं चांगली पोरं एकेक करून आखातात गेली आणि क्लब घसरत घसरत तळाला आला. अशातच म्हातारा गेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा पुष्कर क्लबचा गोलकीपर. बापाची बर्खी म्हणजे वर्षाचं सुतक: वर्षभर अंगावर फक्त पांढरं, पायात कातडं नाही. संघाची जर्सी लाल असली तरी गोलकीपरची वेगळी चालते, म्हणून पुष्कर पांढऱ्या जर्सीत, कापडी बुटांत खेळायचा. ती जर्सी आई हेरादेवी स्वतः धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी क्लब वरच्या गटात टिकणार होता. खेळाडू तयार होत असताना पंच आत आला.

"समोरचा संघ पांढऱ्यात आहे. काल बैठकीत गोलकीपरचा रंग विचारला, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"रंग नाही म्हणालो," मॅनेजर तीर्थलाल म्हणाला. "बर्खीतल्या माणसाला कसला आलाय रंग?"

पांढरा हाही रंगच, हे या भल्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आळीत दुसऱ्या कुणाच्याही आलं नसतं.

"मग आता पिवळी घाला, नाहीतर याला बाहेर बसवा," पंच म्हणाला आणि निघून गेला.

राखीव गोलकीपर एक होता, पण त्याला फक्त गोल सोडता यायचे.

"पुष्कर, आज क्लब बुडाला तर तुझा बाप दुसऱ्यांदा मरेल बघ," तीर्थलाल म्हणाला.

"आणि हे घातलं तर, काका?"

तीर्थलाल बुटाच्या नाड्या बांधत बसला. पुष्करनं पिवळी जर्सी घातली.

सामना गोलशून्य सुटला. अखेरच्या क्षणी गोलात शिरणारा चेंडू त्यानंच बोटांच्या टोकांनी बाहेर लोटला. पोरं लाल अबीर घेऊन धावली. "एवढं घातलंस, आता अबिरानं काय बाटणार आहेस?" म्हणत त्यांनी त्याचं तोंड माखलं. त्यानं अडवलं नाही, उलट हसला. त्या हसण्याची त्याला वाटभर लाज वाटत राहिली.

घरी येईपर्यंत आईच्या कानावर सगळं गेलं होतं. तिनं भाताचं ताट वाढलं आणि शेजारी दह्याची वाटी ठेवली. बाप गेल्यावर मुलगा वर्षभर दह्याला शिवत नाही.

"आई, दही?"

"खा. तुझी बर्खी संपली." पांढरं लुगडं सावरत ती उठली. "माझी आहे अजून."