पाच तुकडे आणि ब्याऐंशी हजार माइल्स

मित्रांनो, मी एक जुने सोनेरी कार्ड आहे. किती जुने? ज्या विमान कंपनीने मला काढले, ती आता शिल्लकच नाही. माझेही पाच तुकडे झाले आहेत. तरी सांगायला मी उरलो आहे, तेव्हा ऐका.

माझा जन्मच मारहाणीत झाला. एका तापलेल्या यंत्राने प्लास्टिकच्या मोठ्या तावातून मला धाडकन कापून काढले. मग लोखंडी ठोकळ्यांनी माझ्या पाठीत असे दणके घातले, की पोटावर सोळा आकडे उठले. तो माझा सभासद क्रमांक. तेव्हा मला त्या आकड्यांचा फार राग आला होता.

माझा मालक पाडकाम करणारा होता. जुन्या इमारती, धुरांडी, पाण्याच्या टाक्या पाडायला तो विमानाने दूरदूर जाई. सुरुंग लावून सात मजले जमीनदोस्त करी आणि वर म्हणे, "मोडायचं तर पुरतं मोडायचं. अर्धवट राहिलं की कुणाच्या तरी डोक्यात पडतं." दर प्रवासाला माझ्या खात्यात माइल्स जमा होत. माइल्स म्हणजे उडालेल्या अंतराचे गुण. पुरेसे साठले की तिकीट फुकट. मला पाहून काउंटरवरची माणसे "या सर, या" म्हणत, तेव्हा माझी छाती फुगे. कामावर गेला की मात्र तो माझ्याच कडेने बुटांचा चिखल खरवडे.

मालकाची बायको हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घाली. "हे मोडतात, मी जोडते," असे ती शेजारणींना सांगे. त्यांना एक मुलगी होती. मालकाची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहत होती आणि तिची नजर जात चालली होती. एकदा तिचा फोन आला.

"डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर दिसेल. त्याच्या आत पोरीला घेऊन ये रे. फोटोत मला तिचे डोळेच कळत नाहीत."

"येतो, ताई," मालक म्हणाला. फोन ठेवून त्याने भिंतीवर इतक्या जोरात मूठ मारली, की चुन्याचे पोपडे पडले.

पैसे मोजून तिकिटे काढणे त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. दोन तिकिटांना ऐंशी हजार माइल्स लागत. माझ्याकडे होते एकसष्ट हजार. त्याच्या पाकिटात दुसऱ्या, मोठ्या कंपनीचे निळे कार्ड होते. त्या कार्डाकडे एकवीस हजार. आम्ही एकमेकांना खेटून असायचो, पण आमची बेरीज होत नव्हती. एका कंपनीचे माइल्स दुसरीत चालत नसत.

मग मोठ्या कंपनीने आमची कंपनी गिळली. शहाणी माणसे याला विलीनीकरण म्हणतात. मी विमानतळावर पाहिले ते असे: आमच्या नावाची पाटी पहारीने उचकटत होते आणि एकेक अक्षर फरशीवर आपटून फुटत होते. पण त्यातच एक सोन्यासारखी संधी होती. दोन्ही खाती जोडली, तर माझा एक माइल तिकडे एकच धरला जाणार होता. एकसष्ट आणि एकवीस, ब्याऐंशी हजार! महिनाअखेरपर्यंत जोडले नाही, तर मात्र जुने खाते बंद आणि माइल्स बुडाले.

घरी दोन पानी पत्र आले. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत होते, जुन्या कार्डावरचा क्रमांक देऊन खाती जोडा. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होते, त्यानंतर जुने कार्ड नष्ट करा. मालकाने ठळक तेवढे वाचले. दुसऱ्या कोणी कात्रीने माझे दोन तुकडे केले असते. हा पडला पाडकामवाला! त्याने मला अंगणातल्या दगडावर ठेवले, छिन्नी लावली आणि हातोडा हाणला. एकदा, दोनदा, चारदा. माझ्या पाच चिरफळ्या उडाल्या, त्यांवर त्याने बुटाची टाच रगडली. मित्रांनो, ज्याच्यासाठी मी बारा वर्षे झिजलो, त्यानेच हे केले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बायकोने पहिले पान वाचले.

"अहो, कार्डाचा नंबर कुठे टिपून ठेवलाय?"

मालक पांढराफटक पडला. तो तसाच कंपनीच्या कचेरीकडे धावला. बायको आणि मुलगी अंगणात गुडघ्यांवर बसून मला वेचू लागल्या.

"सर, या नावाची अकरा माणसं आहेत," काचेपलीकडची कारकून बाई म्हणाली. "नंबर लागेलच."

"माझं तोंड बघा! बारा वर्षं तुमच्याबरोबर उडतोय मी!"

"ती कंपनी वेगळी होती, सर."

मालकाने काचेवर ठोसा हाणला. काच फुटून बाईच्या केसांत, टेबलावर उडाली. मालकाच्या मनगटातून रक्ताची धार लागली. रांगेतला एक माणूस त्याला आवरायला पुढे आला, तर मालकाने त्याचे नाक फोडले. मग तीन रखवालदारांनी मालकाला फरशीवर पालथा पाडला आणि एकाने त्याच्या पाठीत गुडघा रोवला.

तेवढ्यात मायलेकी पोचल्या. बायकोने माझे चार तुकडे प्लास्टरच्या पट्टीवर बसवून आणले होते. बाईने आकडे मोजले.

"चौदाच आहेत."

"आई, बाबांचा बूट!" मुलगी किंचाळली.

पालथ्या पडलेल्या मालकाच्या बुटाच्या तळाच्या खाचेत मी चमकत होतो, पाचवा तुकडा, दोन आकड्यांसकट. बायकोने केसांतली पिन काढून मला उपसले. बाईच्या कपाळावरून रक्त ओघळत होते. ती नाही म्हणू शकत होती.

"आत्याचे डोळे जायच्या आत जायचंय आम्हाला," मुलगी रडत म्हणाली.

बाईने कळफलकावरच्या काचा झटकल्या. "तक्रार तर मी देणारच," ती म्हणाली आणि तिने सोळाही आकडे भरले.

ब्याऐंशी हजार! आणि मागून पोलीस आले.

खटला उभा राहिला आणि मालकाला देश सोडायची मनाई झाली. त्याच्या जागी बायको गेली, पट्टीवर जोडलेल्या मला पर्समध्ये घेऊन. बहिणीने खिडकीच्या उजेडात भाचीचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि कितीतरी वेळ पाहिले. "डोळे त्याचेच आहेत," ती म्हणाली. "तो कुठाय?" बायकोने पर्स उघडली. तिने मला बहिणीच्या हातात दिले. बहिणीने माझ्या उठलेल्या आकड्यांवरून, मग भेगांवरून बोटे फिरवली. भावानेच काहीतरी मोडून ठेवले आहे, हे तिला कळले.

आता तिला अजिबात दिसत नाही. खटला अजून चालू आहे. मी मालकाच्या टेबलावर असतो, आणि खात्यात दोन हजार माइल्स उरले आहेत. तेवढ्यात कोणी कुठे जात नाही. मित्रांनो, जुनी कार्डे जपून ठेवा म्हणून मी तुम्हाला सांगणार नाही, माझे जे व्हायचे ते झाले. एवढेच करा, हात उगारण्याआधी पहिले पान वाचा. माझे पाच तुकडे त्या माउलीने जोडले. ताईने भावाला शेवटचे पाहायचे राहून गेले, ते जोडायला माउलीकडेही पट्टी नव्हती.