केसाएवढी रेघ

मित्रांनो, माझ्या अंगावर अक्षरं आहेत म्हणून मला लोक ओळखतात. नाहीतर दोन तळ्यांमधल्या या उतारावर आम्ही हजारभर ॲस्पेन वृक्ष उभे आहोत, एकाच मुळातून उगवलेले आणि सारखेच पांढरे. मी त्यांतला एक जुना. माझी शंभरी जवळ आली आहे, आणि आमच्या जातीत हे वय फार झालं.

तरुणपणी मला उन्हाळ्यापुरताच माणसाचा सहवास मिळे. जूनमध्ये कासिमिरो खालच्या खोऱ्यातून मेंढ्या घेऊन वर येई आणि बर्फ पडायच्या आत उतरे. माझ्या बुंध्याला टेकून तो टॉर्टिया, म्हणजे त्यांच्याकडची पोळी, आणि घेवडा खाई, मेंढ्यांना शिव्या घाली आणि मग त्यांनाच गाणी ऐकवी. जाताना माझ्यावर आपलं नाव लिही. चाकू कधी खुपसत नसे, नुसत्या टोकाने केसाएवढी रेघ ओढी. त्या दिवशी ती दिसतही नाही. पुढे पाच-दहा वर्षांत आम्ही ती जखम भरत जातो, तशी ती काळी होते. लिहिणारा तो, पण शाई माझी. याचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू?

१९४७च्या जुलैत परक्या खोऱ्यातला एक मेंढपाळ कळप घेऊन वरच्या वाटेने चालला होता. तिथूनच तो ओरडला, "कासिमिरो, वाटेत ऐकलं, मुलगी झाली रे तुला. डेल्फिना नाव ठेवलंय."

"परत सांग."

"बहिरा झालास का? डेल्फिना."

"ऐकू आलं रे. तरी परत सांग."

मग कासिमिरो खालच्या तळ्याच्या बाजूला माझ्यापाशी बसला आणि बसल्या बसल्या एकेक अक्षर ओढत गेला. तिसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावर वीज पडून तो गेला. शिधा घेऊन येणारा माणूस पोचला, तेव्हा त्याच्याजवळ कासिमिरोसाठी घरचं पत्र होतं. ते न फोडताच परत गेलं. माझ्या सालीवर तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आणि तो मेंढपाळ उत्तरेकडे गेला तो परतला नाही.

पुढे मेंढ्या यायच्या थांबल्या. आता शरद ऋतूत लोक आमची पिवळी पानं बघायला येतात, तळ्यात मासे धरतात, फोटो काढतात. काही जण सुरा खुपसून बदाम कोरतात. माझ्या शेजारचा असाच आतून कुजून गेला.

गेल्या सप्टेंबरात डेल्फिना आली. सत्तरीची. बरोबर भाचा एल्फेगो, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. मासे धरायला आला असताना त्यालाच आजोबांचं नाव सापडलं होतं. तिने 'कासिमिरो १९४६'वर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही. एल्फेगोने पिशवीतून करवत काढली.

"आत्या, ही साल काढून नेऊ. तुझ्या खोलीत लावू. झाड काय, पुढच्या वाऱ्यात जाणारच."

"तुझे गुडघेही जायला आलेत. तुझं काय काढून ठेवू?" ती म्हणाली. पण मग हळूच म्हणाली, "काप. माझ्याकडे बाबांचं काहीच नाही. मी जन्मले हेसुद्धा त्यांना कळलं नाही रे. पत्र बंदच आलं."

करवत सालीत शिरली. मला फार भीती वाटली. पण आमची पानं सदाच थरथरतात, कुणाला काय कळणार?

"त्या बाजूने धर जरा," एल्फेगो म्हणाला. डेल्फिना वळसा घालून आली, पाय दुखले म्हणून खाली बसली आणि तिने समोर पाहिलं.

"एल्फेगो, थांब. इकडे ये. वाच."

"डेल्फिना, १९४७." तो वाचता वाचता अडखळला. "आत्या, म्हणजे आजोबांना कळलं होतं."

ती रडली. हसलीही. थोड्या वेळाने त्याने चाचरत विचारलं, "मग हीसुद्धा काढू?"

"हात लावून तर बघ. बाबांनी मला इथे लिहिलंय, मी इथेच राहणार."

टॉर्टिया गुंडाळून आणलेलं पांढरं फडकं तिने अक्षरांवर ताणून धरलं आणि मासे धरणाऱ्यांच्या विझलेल्या चुलीतला कोळसा वरून घासला. नाव फडक्यावर उमटलं. ते घेऊन ती घरी गेली. करवतीची बोटभर खूण राहिली आहे, तीही मी भरेन.

मित्रांनो, आलात तर सुरे घरी ठेवून या आणि खालच्या तळ्याच्या बाजूला घटकाभर बसा. बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर ते नाव आहे. डेल्फिना आता दर सप्टेंबरात येणार आहे. तिला पुन्हा वाचायचं आहे. तोवर मला उभं राहू द्या.