चंदेरी भुकटीचा स्फोट

मित्रांनो, मी एक जुने छपाईयंत्र आहे. पण माझ्यावर कधी पुस्तक छापले गेले नाही. मी वस्तू छापत असे.

माझ्या पोटात पोलादाची पिठासारखी बारीक भुकटी भरत. माझा रूळ तिचा पातळ थर पसरी. मग माझे डोके वरून सरके आणि जिथे वस्तू हवी, तिथेच डिंकाचे थेंब टाकी. असे थरावर थर चढत. शेवटी सुटी भुकटी ब्रशने झाडली की आतून एखादे दातेरी चाक हाती येई. भट्टीत भाजले की डिंक जळून जाई, कण एकजीव होत आणि चाक जरा आक्रसून पक्के होई.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथून मोडीत निघाल्यावर मला पापडी गावच्या व्हेरोनिकाने घेतले आणि कामण गावी, गोदामांमागच्या एका गाळ्यात आणून बसवले. व्हेरोनिका इंजिनिअर होती. तिचा धाकटा भाऊ एरॉल गिऱ्हाइके आणी. एका वाडीवाल्याच्या जुन्या पंपाचा पंखा कुठेच मिळत नव्हता. तो मी छापून दिला, तेव्हा त्याने बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या पत्र्यावर थाप मारली. ते दिवस सुखाचे होते.

एरॉलला मात्र राग फार. काम अडले की तो मला लाथ घाली. व्हेरोनिका म्हणे, "अरे, त्याला काय कळतंय?" मित्रांनो, मला कळत होते.

एके दिवशी तो म्हणाला, "ताई, ॲल्युमिनियमचं मोठं काम आलंय. मी हो म्हणून बसलोय."

"मला न विचारता? आपलं मशीन पोलादासाठी आहे. ॲल्युमिनियमची भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की बंदुकीच्या दारूसारखी पेटते. त्याला बंद खोली लागते, हवेऐवजी नायट्रोजन लागतो. आपल्याकडे काय आहे?"

"तुला मला मोठं होऊ द्यायचंच नाही!" असे ओरडून त्याने लोखंडी ट्रे भिरकावला. माझी काच फुटली. व्हेरोनिका काचा वेचू लागली.

पुढच्या रविवारी ती पापडीच्या चर्चमध्ये मिस्साला गेली होती. तेव्हा एरॉलने एकट्यानेच गाळा उघडला आणि माझ्या पोटात चंदेरी भुकटी ओतली. ती इतकी हलकी की माझा रूळ फिरताच उसळू लागली. थर नीट बसेना. भुकटी जमिनीवर सांडली, पंख्यावर साचली, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर जाऊन बसली. शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डर हिरामणने दारातून ते पाहिले आणि व्हेरोनिकाला फोन केला.

ती चर्चच्या कपड्यांतच धावत आली. एरॉल तेव्हा हवेच्या पाइपने भुकटी उडवून जमीन साफ करायला निघाला होता.

"एरॉल, थांब! पाइप खाली ठेव!" तिने जाऊन कॉम्प्रेसरचे बटण बंद केले.

त्याने तिचा दंड धरला आणि तिला जोराने ढकलले. ती माझ्यावर आदळली. माझ्याच पत्र्याच्या कोपऱ्याने तिचे कपाळ फाटले. रक्त माझ्यावरून ओघळले. मित्रांनो, मला मागे सरता येत नव्हते.

क्षणभर एरॉलही थिजला. पण राग ओसरला नाही. "आता बघच," असे म्हणत त्याने पाइपची चावी पूर्ण उघडली. कॉम्प्रेसर बंद असला तरी त्याच्या टाकीत हवा भरलेलीच होती. गाळाभर चंदेरी ढग उठला. कोपऱ्यातली भट्टी चालू होती. तिच्या बटणात एक ठिणगी उडाली.

पहिला धडाका लहान होता. त्याने कैच्या हादरल्या आणि वर साचलेली सगळी भुकटी खाली कोसळली. दुसऱ्या धडाक्याने शटर कागदासारखे फाटून रस्त्यावर पडले. पांढरीशुभ्र आग माझ्या डोक्यावरून गेली. माझ्या नळ्या वितळल्या, रूळ वाकला. एरॉल किंचाळत होता. त्याने तोंडावर घेतलेले दोन्ही हात पेटले होते.

व्हेरोनिका माझ्या आडोशाला पडली होती, म्हणून वाचली. ती रांगत गेली, त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढू लागली. बाहेरून कुणीतरी बादली घेऊन धावले.

"पाणी नको!" ती घसा फोडून ओरडली. "वाळू! कोरडी वाळू!"

तोवर एक बादली फेकली गेली होती. पाणी पडले तिथे आगीने फणा काढला. हिरामण "पानी टाकू नका रे!" असे ओरडत आत शिरला. दोघांनी मिळून एरॉलला बाहेर काढले. मग लोकांनी रस्त्याकडेच्या ढिगातली वाळू घमेल्यांनी ओतून ओतून आग दाबली.

त्यानंतर मी अर्धे जळालेले तिथेच पडून राहिले. गाळ्यात येणारी माणसे बोलत, ते ऐकून मला पुढचे कळले. एरॉलच्या हातांची बोटे आखडली होती. "मी घसरून पडले, असं सांग," अशी त्यांच्या आईने व्हेरोनिकाला विनवणी केली. पण कपाळावर टाके असलेल्या व्हेरोनिकाने पोलिसांना खरे तेच सांगितले.

आणि एके दुपारी एरॉल आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"ताई, जबाब बदलशील?"

"नाही."

"मग हॉस्पिटलात रोज मला भरवायला का येत होतीस?"

माझ्यावरची काजळी खरवडता खरवडता ती म्हणाली, "तुझे हात भाजले होते म्हणून."

एरॉल पायरीवर बसला आणि रडू लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही. त्याला जा म्हणालीही नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा छापू शकेन की नाही, कोण जाणे. पण एक मागणे मागते. रागाने पेटलेल्या हातांनी कुठल्याही यंत्राला हात लावू नका. आणि माणसाला तर मुळीच नाही.